ओटीपी सीमेवर, वावर घरी

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं फौजेतल्या माणसांच्या घरची आहेत. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडची जास्त, दोन भंडाऱ्याकडची. लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. काही पत्रांत युनिटचं नाव, चौकीचं ठिकाण, इतकंच काय तिथं किती माणसं आहेत हेही होतं. ते गाळलं आहे. पुढच्या वेळी ते आम्हालाही कळवू नका.

प्रश्न : आमचे मिस्टर लडाखकडं हायेत. साडेचार एकर वावर त्यायच्या नावावर, पऱ्हाटी अन् तूर. शेतकरी ओळख क्रमांक काढाले गेली तर ओटीपी त्यायच्या नंबरवर जाते, अन् तो नंबर लागतच नाही. सीएससीवाला (सेवा केंद्रवाला) म्हणते, नवऱ्याले घेऊन या. ई-पीक पाहणीपण अशीच अडन का? — आर्णी तालुका

उत्तर : ताई, ई-पीक पाहणी अडणार नाही. ती (पिकाची सातबाऱ्यावरची नोंद) तारखेला बांधलेली असते, म्हणून आधी ती उरका. ॲपमध्ये लॉगिनचा ओटीपी तुम्ही टाकाल त्या मोबाइलवर येतो, आधारशी जोडलेल्या नंबरवर नाही. तुमचा नंबर टाका, गाव निवडा, खातेदार म्हणून मिस्टरांचं नाव आणि गट नंबर निवडा. फोटो मात्र वावरात उभं राहूनच काढावा लागतो. फोनचं लोकेशन सुरू ठेवा. घरी बसून धुऱ्यापलीकडचा (बांधापलीकडचा) फोटो चढवायला गेलं की नोंद नाकारली जाते. वावरात रेंज नसेल तर भरलेली माहिती फोनमध्ये राहते, गावात येऊन ती 'अपलोड' करायला विसरू नका. दरवर्षी कितीतरी बायका इथंच फसतात. फोटो काढला म्हणजे झालं असं वाटतं आणि नोंद फोनमध्येच पडून राहते.

तुमच्याकडे पऱ्हाटीच्या ओळींत तूर आहे, म्हणजे 'मिश्र पीक' निवडायचं आणि दोन्हींचं क्षेत्र वेगळं टाकायचं. सगळं वावर नुसतं कापूस म्हणून टाकलं तर तूर विकायच्या वेळी सातबाऱ्यावर तूरच दिसत नाही, आणि हमीभावाच्या खरेदी केंद्रावरून पोतं परत येतं. चूक झालीच तर ४८ तासांच्या आत त्याच ॲपमधून दुरुस्ती होते. त्यानंतर तलाठ्याकडे जावं लागतं (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, गावात अजून तलाठीच).

शेतकरी ओळख क्रमांकाची गोष्ट निराळी. तो खातेदाराच्या आधारवर निघतो आणि १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांना तो लागतोच. मिस्टर हजर असते तर अंगठ्यावरही काम झालं असतं. आता ओटीपीशिवाय वाट नाही. नंबर का लागत नाही याचं कारण बहुधा साधं आहे: महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. ते सिम त्यांच्या ट्रंकेत नुसतं पडून असेल. ९० दिवस न वापरलेलं प्रीपेड सिम कंपनी बंद करू शकते आणि पुढं तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते, म्हणून रिचार्ज तुम्ही घरून चालू ठेवा. ते तिथल्या दुसऱ्या नंबरवरून तुमच्याशी बोलत असतील तर जुनं सिम सुटीवर येणाऱ्या गाववाल्या जवानाच्या हाती घरी पाठवायला सांगा. सिम तुमच्या फोनमध्ये आलं की सीएससीत दहा मिनिटांचं काम आहे. ओटीपीही तेवढाच वेळ टिकतो.

पुढच्या सुटीत हे कायमचं लावून घ्या. आधारचा नंबर घरी राहील तो ठेवा. बदलायचा असेल तर ते काम त्यांना स्वतः करावं लागतं, फी ७५ रुपये. बँकेचा नंबर मात्र त्यांच्याकडेच राहू द्या आणि तो पोस्टपेड करून घ्या. दोन्ही एकाच सिमवर असले की एकतर वावराची कामं थांबतात, नाहीतर पगाराचं खातं. घरखर्चासाठी त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यावर दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रक्कम आपोआप वळती होईल अशी स्थायी सूचना बँकेत लिहून द्या. त्यांचं एटीएम कार्ड आणि पिन घरी ठेवून भागवणारे बरेच आहेत. कार्डाची मुदत संपली, नवं कार्ड युनिटच्या पत्त्यावर गेलं, आणि इकडे महिनाभर उधारी.

प्रश्न : लग्नाले दीड वर्ष झालं, मुलगी चार महिन्यांची आहे. हे म्हणतात, तुझं अन् बाळाचं नाव पार्ट टू ऑर्डरमधी टाकाचं राह्यलं. त्याच्यानं काही अडते का? — मंगरूळपीर तालुका

उत्तर : सगळंच अडतं. पार्ट टू ऑर्डर म्हणजे सैनिकाच्या नोकरीच्या नोंदवहीतली छापील नोंद: लग्न, मूल, घटस्फोट, मृत्यू. ती निघेपर्यंत फौजेच्या कागदावर ते अविवाहितच आहेत. डिपेंडंट कार्ड नाही, एमएचमध्ये (मिलिटरी हॉस्पिटल, फौजेचा दवाखाना) उपचार नाहीत, मुलगी शाळेत गेल्यावर शिक्षण भत्ता नाही. हा भत्ता आज मुलामागे महिन्याला २,८१२ रुपये ५० पैसे आहे (१ जानेवारी २०२४ पासून), पहिल्या दोन मुलांना मिळतो. शाळेचं वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीचं प्रमाणपत्र जोडून मागायचा असतो.

लग्नाच्या नोंदीसाठी ग्रामपंचायतीचा विवाह नोंदणी दाखला आणि दोघांचा एकत्र फोटो ही मुख्य कागदपत्रं. युनिटचा क्लार्क शपथपत्र मागेल तर तेही. नोंदणी झालेली नसेल तर ती सुटीतच करावी लागेल, कारण नवरा, बायको आणि तीन साक्षीदार समोर लागतात. लग्नापासून ९० दिवसांच्या पुढं गेलात म्हणून दंड भरावा लागेल, पण नोंदणी होते. बाळासाठी जन्मदाखला. जन्म दवाखान्यात झाला असेल तर २१ दिवसांच्या आत नोंद झालेलीच असणार, दाखला काढून आणा.

आता खरी मेख. अर्ज परत येतात ते नावाच्या स्पेलिंगपायी. तुमच्या आधारवर माहेरचं आडनाव, विवाह दाखल्यावर सासरचं, बाळाच्या जन्मदाखल्यावर दवाखान्यातल्या नर्सनं ऐकून लिहिलेलं तिसरंच काहीतरी. 'वैशाली'च्या इंग्रजी अक्षरांत एकीकडे 'ए-आय', दुसरीकडे नुसता 'ए', एवढ्यावर कागद रेकॉर्ड ऑफिसहून माघारी येतो आणि त्या फेरीत दोन-तीन महिने जातात. जन्मतारखेचंही तेच: आपल्याकडे कित्येक बायकांच्या आधारवर १ जानेवारी आहे आणि टीसीवर निराळी तारीख. म्हणून क्रम असा ठेवा. आधी टीसी पाहून आधार दुरुस्त करा, मग त्या आधारवरून विवाह दाखला, मग त्याच स्पेलिंगनं बाळाचा जन्मदाखला. पाठवण्याआधी तिन्ही कागद एकाखाली एक ठेवून अक्षर अक्षर जुळवा. मिस्टरांचं नाव त्यांच्या सर्व्हिस रेकॉर्डमध्ये जसं आहे तसंच सगळीकडे हवं. भरतीच्या वेळी चुकीचं लागलं असेल तर तेच चुकीचं आता बरोबर.

ऑर्डर निघाली की तिचा नंबर आणि तारीख तुमच्या डायरीत उतरवून घ्या. आणि लगे हात त्यांना विचारा: ग्रुप इन्शुरन्स आणि प्रॉव्हिडंट फंडावर वारस कोण आहे? भरतीच्या वेळी आईचं नाव लावलेलं असतं. लग्नाची ऑर्डर निघाली म्हणजे ते आपोआप बदलतं असं धरून चालू नका. नॉमिनेशनचा फॉर्म वेगळा भरावा लागतो. विचारायला संकोच वाटतो हे खरं. क्लार्कनं विचारलं म्हणून सांगा.

प्रश्न : दिवाळीचा फराळ पाठवायचा आहे. मागच्या साली चिवडा खवट झाला अन् लाडू दगडासारखे, असं ते हसत होते. पत्ताही नीट सांगा. — साकोली तालुका

उत्तर : पत्ता आधी. आर्मी नंबर, हुद्दा, नाव, कंपनी आणि युनिट, 'द्वारा ५६ एपीओ' (आर्मी पोस्ट ऑफिस) किंवा ईशान्येकडे असतील तर 'द्वारा ९९ एपीओ', आणि ९ नं सुरू होणारा फौजी पिन. बस. लेह, कुपवाडा, तवांग असं काहीही लिहायचं नाही. गावाचं नाव दिसलं की पार्सल साध्या टपालात शिरतं आणि फिरत राहतं. शिवाय ते उघडपणे लिहिण्यासारखं नाहीच. पार्सल टपाल कार्यालयातूनच पाठवा, खासगी कुरियर एपीओपर्यंत जात नाही. तुमचा स्वतःचा पत्ता आणि मोबाइल डब्याच्या आत एका चिठ्ठीवरही ठेवा, बाहेरची शाई पावसात पुसते.

चिवडा खवट झाला तो खोबरं आणि शेंगदाण्यांमुळं. तळलेल्या पदार्थात तेल लवकर बिघडतं ते याच दोघांचं. पार्सल पोचायला तीन आठवडे लागतील असं धरून चिवड्यात खोबरं टाकूच नका. शेंगदाणे कोरडे भाजून वेगळ्या पुडीत द्या. डाळवं आणि कढीपत्ता चालतो, कढीपत्ता मात्र चुरचुरीत होईपर्यंत तळा. मऊ राहिलेलं एकच पान सगळ्या पोह्यांना ओल देतं. जवसाची चटणी आपल्या माणसांना फार आवडते, पण कुटलेल्या जवसाचं तेल फार लवकर खवट होतं. जवस भाजून अख्खे द्या, तिखट-मीठ-लसणाची कोरडी पूड वेगळी. तिथं दोन चमचे मिसळून ठेचले की झालं. तिळाची चटणी कुटलेली चालते. पातळ ठेचा नको. मिरची-लसूण तव्यावर पाणी पूर्ण आटून कोरडा होईपर्यंत परतला तरच.

लाडू दगड झाले ते तुपामुळं. थंडीत तूप गोठतं. बेसनाचे किंवा डिंकाचे पाठवायचे तर लिंबाएवढे लहान वळा, एका घासात तोंडात जातील असे. तोंडाच्या उबेनं ते विरघळतात. मोठा लाडू तिथं बत्त्यानं फोडावा लागतो. गुळाच्या पाकातले तिळाचे, शेंगदाण्याचे, मुरमुऱ्याचे लाडू थंडीत उलट चांगले राहतात, फक्त पाक पक्का हवा: थेंब पाण्यात टाकला की टणकन वाजला पाहिजे. खवा, ओलं खोबरं, दुधाचं काहीही नको. कुरडया-खारवड्या पाठवू नका असं नाही, पण तळायला तेल आणि निवांतपणा लागतो. पुढच्या चौकीवर दोन्हींची वानवा.

पिशव्या सील करण्याआधी आतली हवा दाबून काढा. उंचीवर बाहेरचा हवेचा दाब कमी असतो. फुगलेली पिशवी आणखी फुगते आणि शिवणीवर फाटते. स्टीलचा डबा चेपतो आणि मग झाकण निघत नाही, त्यापेक्षा जाड प्लास्टिकची बरणी, झाकणाभोवती चिकटपट्टी. दहा किलोचं एक खोकं करण्यापेक्षा तीन-तीन किलोची दोन-तीन करा. वाटेत एखादं दबलं तरी बाकीची पोचतात. पॉवर बँक, बॅटरी, लायटर, अत्तराची फवारणी असलं काही टाकाल तर पार्सल विमानात चढणारच नाही. आणि हिशेब त्यांच्या एकट्याचा करू नका. सेक्शनमध्ये दहा जण असतात, डबा दहा जणांत उघडतो.

प्रश्न : आम्ही कामठीच्या एमएचपासून जवळजवळ दोनशे किलोमीटरवर. रात्री सासूबाईंना किंवा मुलाला काही झालं तर काय? गावात सगळे सांगतात, ईसीएचएसचं कार्ड काढून घे. — दारव्हा तालुका

उत्तर : ईसीएचएस ही माजी सैनिकांसाठीची आरोग्य योजना आहे. तुमचे मिस्टर नोकरीत आहेत, तुम्हाला ते कार्ड मिळणार नाही. तुमचा कागद म्हणजे डिपेंडंट कार्ड आणि तुमचा दवाखाना म्हणजे एमएच. सासूबाई त्यांच्यावर अवलंबून असल्याची नोंद युनिटमध्ये झालेली असेल तरच त्यांचं नाव त्यात येतं, ती आहे का हे आजच विचारून घ्या.

रात्रीच्या वेळी मात्र कामठीचा विचार करू नका. साप चावला, छातीत दुखलं, झटका आला तर १०८ लावा आणि जवळचं ग्रामीण रुग्णालय, नाहीतर यवतमाळचं शासकीय रुग्णालय गाठा. सर्पदंशावरचं इंजेक्शन ग्रामीण रुग्णालयात असतं. दोनशे किलोमीटरच्या प्रवासात जो वेळ जाईल तो भरून निघत नाही. खासगी दवाखान्यात न्यावं लागलं तर खर्च परत मागण्याची सोय आहे, पण ती पहिल्या दिवसाच्या कागदांवर टिकते. दाखल केल्यावर त्याच दिवशी एमएचला आणि युनिटला कळवा, फोन कुणी घेतला त्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा. डॉक्टरांकडून 'तातडीचा रुग्ण होता, हलवणं धोक्याचं होतं' असं लेटरहेडवर, शिक्का मारून लिहून घ्या. हे डिस्चार्जच्या दिवशी आठवतं, तोवर रात्रपाळीचे डॉक्टर सुटीवर गेलेले असतात. बिल एकरकमी नको. औषधं, खाटभाडं, तपासण्या, डॉक्टरांची फी वेगवेगळी लिहिलेली हवी. मेडिकलच्या प्रत्येक पावतीला चिठ्ठीची जोड असू द्या. मूळ कागद पाठवण्याआधी दोन झेरॉक्स. तब्येत स्थिरावली की एमएचला हलवता येईल का हेही विचारा. न विचारता पंधरा दिवस खासगीत राहिलात तर पुढचा खर्च नाकारला जाण्याची शक्यता जास्त.

दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवून ठेवा: आर्मी नंबर, हुद्दा, युनिटचा फोन, एमएचचा फोन, सगळ्यांचे रक्तगट. हा कागद आतच, बाहेरून दिसेल असा नाही.

प्रश्न : भासऱ्यांनी (मोठ्या दिरांनी) धुरा कोरून दोन तास (सऱ्या) आमच्यात सरकवले अन् यंदा पांदणही (वावरात जायची वाट) काट्या टाकून बंद केली. विचारलं तर म्हणतात, तुहा नवरा आला की बोलू. सरपंचही तेच म्हणतात. — मेहकर तालुका

उत्तर : 'नवरा आला की बोलू' यात तुमचंच नुकसान आहे, कारण पांदणीच्या तक्रारीला मुदत असते. वहिवाटीची वाट अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. काट्या कोणत्या दिवशी टाकल्या ते लिहून ठेवा, फोटो काढा, आणि त्याच दिवशी तहसीलमध्ये अर्ज देऊन पोच घ्या. तहसीलदार जागेवर येऊन पाहणी करतात तेव्हा बंडीच्या (बैलगाडीच्या) चाकोऱ्या, जुना नकाशा आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांचे जबाब यावर निकाल ठरतो.

धुऱ्याचं घाईनं होत नाही. उपाय सरकारी मोजणी आहे आणि अर्ज खातेदाराच्या सहीनं भूमी अभिलेख कार्यालयात जातो, म्हणून मिस्टरांचं सहीचं अधिकारपत्र मागवा. उभ्या पिकात मोजणी नीट होत नाही; तूर निघून पऱ्हाटी उपटली की, फेब्रुवारी ते मे. अर्ज मात्र आधीच द्या, नंबर लागायला वेळ जातो. खुणा दाखवून झाल्या की त्याच दिवशी दगड रोवून घ्या, चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते.

सोबत मिस्टरांनी त्यांच्या कमांडिंग ऑफिसरकडून जिल्हाधिकाऱ्यांना पत्र पाठवावं, प्रत जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांना. अशी पत्रं नेहमी जातात आणि त्यांची दखलही घेतली जाते, फक्त पत्रात नेमकं हवं. 'कुटुंबाला त्रास होत आहे' एवढंच असेल तर ते तहसीलदार, मंडळ अधिकारी, तलाठी असं खाली येतं आणि 'आपसात समझोता करण्यास सांगितले' असा शेरा घेऊन वर जातं. गट नंबर, लगतचा गट नंबर, अडवल्याची तारीख, तहसीलच्या अर्जाचा पोच क्रमांक, मोजणी अर्जाची प्रत एवढं लिहिलेलं असलं की 'समझोता' लिहून भागत नाही.

आणि भासऱ्यांनीच कोर्टात दावा लावला तर? इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट १९२५ या कायद्यानं, सैनिक विशेष परिस्थितीत सेवेवर असेल आणि त्याच्या वतीनं कोणी उभं नसेल, तर दिवाणी किंवा महसुली न्यायालयाला कामकाज थांबवावं लागतं. जिल्हाधिकारी तसं प्रमाणपत्र देऊ शकतात. यातली खोच ध्यानात घ्या: घाबरून लगेच त्यांच्या नावानं वकीलपत्र दाखल केलंत तर 'प्रतिनिधित्व झालं' असं धरून दावा पुढं सरकू शकतो. नोटीस घ्या, नाकारू नका, आणि वकिलाला पहिल्या भेटीतच नवरा सैनिक असल्याचं सांगा.

मारहाणीची भाषा झाली तर मात्र मोजणी-बिजणी बाजूला, ११२.

प्रश्न : गावात सगळ्यायले लाडकी बहीणचे दीड हजार येतात, मले कावून नाही? — तिवसा तालुका

उत्तर : घरातला माणूस सरकारी नोकरीत कायम असेल तर ती योजना लागू नाही, आणि सैनिकाची नोकरी त्यातच धरली जाते. उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा वेगळीच. कोणी 'मी भरून देतो' म्हणालं तर भरू नका. पडताळणीत नाव निघतं आणि सैनिकाच्या घरावर वसुलीची नोटीस येणं बरं दिसत नाही. पीएम किसानचंही तपासा. नियमित सरकारी नोकर आणि आयकर भरणारी घरं त्यातून वगळलेली आहेत, आणि तिथं नवरा, बायको, लहान मुलं मिळून एक कुटुंब धरतात. वावर तुमच्या नावावर केल्यानं फरक पडत नाही.

प्रश्न : अकरा दिवस फोन नाही. टीव्हीवर काहीबाही चालू असतं. परवा एक फोन आला की तुमचे मिस्टर जखमी आहेत, उपचारासाठी वीस हजार टाका. मी जवळजवळ टाकलेच होते. — कुही तालुका

उत्तर : फौज जखमी जवानाच्या घरून पैसे मागत नाही. कधीच नाही. असा फोन आला की ठेवून द्या, नंबर लिहा, १९३० वर तक्रार करा. पैसे गेले असतील तर पहिल्या तासा-दोन तासांतच, कारण तेवढ्यात रक्कम गोठवता येते. या लोकांना तुमचं नाव, गाव, मिस्टरांचा हुद्दा कुठून कळतो? बहुतेक वेळा आपणच सांगितलेलं असतं: स्टेशनवरचा वर्दीतला फोटो, 'मिस यू, पुन्हा कधी' असं लिहिलेलं स्टेटस, खाली आत्तेभावाचा प्रश्न 'कुठे आहेत आता?' आणि त्याला दिलेलं उत्तर. २६ एप्रिल २०२५ ला सरकारनं वृत्तवाहिन्यांनाही लष्करी हालचालींचं थेट चित्रण करू नका असं बजावलं होतं. आपलं स्टेटस त्याहून लहान नाही. लग्नकार्यात कोणी विचारलंच तर 'ड्युटीवर आहेत, बरे आहेत' एवढं उत्तर पुरतं. पुन्हा विचारलं तर जेवायला वाढा.

अकरा दिवसांचं म्हणाल तर गस्त, बदली, हिमवर्षावात तुटलेली लाइन, काहीही असू शकतं. हालचालीच्या काळात फोन मुद्दाम बंद ठेवायला लावतात. वाईट बातमी असेल तर ती युनिटकडून, बहुतेकदा जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय किंवा पोलिसांमार्फत, नोंदवलेल्या नातेवाइकापर्यंत पोचते. टीव्हीवरून नाही, गावाच्या ग्रुपवरून नाही. म्हणून युनिटकडे नोंदवलेला घरचा पत्ता आणि फोन आजचा आहे का, एवढं पाहून ठेवा. सुटीवर निघताना त्यांच्याकडून युनिटचा एक नंबर आणि एका वरिष्ठ साहेबांचं नाव लिहून घेतलं असेल तर तिथं एकदा विचारा. रोज विचारू नका. झोपच उडाली असेल तर टेलिमानस (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन), १४४१६, मराठीत बोलतात आणि पैसे लागत नाहीत. सैनिकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी पुण्याच्या एएफएमसीत (फौजेच्या वैद्यकीय महाविद्यालयात) त्याचा वेगळा कक्षही आहे.

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा. बाबा सुटीवर आले की रडतो, त्यांच्याजवळ जात नाही. त्यांना फार लागतं. — लाखनी तालुका

उत्तर : अडीच वर्षांच्या मुलानं सहा महिने ज्याला पाहिलं नाही तो माणूस त्याच्यासाठी पाहुणाच. पहिले दोन दिवस उचलून घ्यायचा हट्ट नको. बाबांनी जमिनीवर बसावं, त्याच्याकडे न पाहता स्वतःच खेळण्यातल्या बंडीचं चाक जोडत बसावं. मूल आपसूक सरकत येतं. आंघोळ किंवा दुपारचा भात असं एक काम ठरवून बाबांकडे द्या आणि तुम्ही त्या वेळी कोठ्यात जा, डोळ्यांसमोर राहू नका. रात्री तुमच्याजवळ झोपायची सवय असेल तर ती पहिल्याच रात्री मोडू नका.

ते परत गेल्यावरही तयारी चालू ठेवता येते. फोटो भिंतीवर उंच हार घातल्यासारखा नको, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. सुटीत त्यांच्या आवाजात दोन-तीन मिनिटांच्या गोष्टी फोनमध्ये भरून घ्या आणि झोपताना लावा. फोनवर 'बाबांशी बोल ना' म्हणून ओढाताण करू नका, तुम्ही दोघं बोलत असताना त्याला तिथंच खेळू द्या. आणि 'येऊ दे तुह्या बाबाले, सांगतो' हे वाक्य घरातल्या सगळ्यांनी बंद करा, आजीनंसुद्धा. आठ महिने धाक म्हणून वापरलेला माणूस दारात उभा राहिला तर मूल रडणारच.

जाता जाता: जवानाला वर्षाला साठ दिवसांची वार्षिक आणि तीस दिवसांची किरकोळ रजा असते, पण ती तुकड्यांनी मिळते, आणि वीस दिवसांच्या सुटीतले शनिवार-रविवार काढले तर कचेरीचे दिवस चौदाच उरतात. त्यात वरची सगळी कामं आहेत. पहिले तीन दिवस तरी मुलाचे ठेवा.

प्रश्न : विधानसभेला ह्यांचं मत वाया गेलं. टपाल मत वेळेत पोचलं नाही म्हणे. काही करता येते का? — सिंदेवाही तालुका

उत्तर : येतं. सैनिकाला आपल्या वतीनं मत टाकायला प्रॉक्सी नेमता येतो, आणि तो तुम्ही असू शकता. फॉर्म १३-एफ. ते ड्युटीवर असतील तर कमांडिंग ऑफिसरसमोर सही करून फॉर्म तुमच्याकडे पाठवतात, तुम्ही नोटरीसमोर सही करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे देता. सुटीवर असतील तर दोघंही इथंच नोटरीसमोर. एकदा नेमलं की रद्द करेपर्यंत चालतं. मात्र उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटून दिलेला फॉर्म त्या निवडणुकीला धरत नाहीत, म्हणून निवडणूक नसतानाच द्या. हे लोकसभा-विधानसभेसाठी आहे. तुम्ही स्वतः गावात राहता, तेव्हा तुमचं मत तुमच्या बूथवर नेहमीसारखंच. त्या दिवशी तुम्ही दोनदा मत द्याल: स्वतःच्या मताची शाई डाव्या हाताच्या तर्जनीला, त्यांच्या मताची मधल्या बोटाला. बूथवरचा पोरगा गोंधळला तर प्रॉक्सी मतदारांची यादी उघडायला सांगा.